हॉटेलचं किचन आणि तरणतलाव: आरोग्य तपासणीत नेमकं काय पाहतात

एखाद्या हॉटेलची तपासणी तास-दीड तासात उरकते. ते हॉटेल मात्र रोज चौदा-पंधरा तास चालतं. तरणतलावाचंही तसंच. निरीक्षक पाणी तपासतो ती पंधरा-वीस मिनिटं सोडली, तर उरलेला सगळा वेळ लोक पाण्यात उतरत असतात आणि पाहायला कोणी नसतं. समोर पडलेली घाण कोणालाही दिसते. आपण नसताना इथे काय घडलं, हे तापमान, तेल, बर्फ, क्लोरिन आणि नोंदवह्या यांवरून ओळखणं हे या कामातलं खरं कसब आहे. म्हणूनच कधी चकाचक फरशीचं हॉटेल नापास होतं आणि जुनाट भिंतींची खानावळ पास होते.

कोणाचं काम कोणाकडे

कॅनडा, अमेरिका, ब्रिटन इथे हॉटेल आणि सार्वजनिक तरणतलाव ही दोन्ही कामं बहुधा एकाच खात्याकडे, अनेकदा एकाच माणसाकडे असतात. आपल्याकडे वाटणी वेगळी आहे. अन्नासाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आहे. तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी करतात. पूर्वी १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली यांनाच अन्न निरीक्षक म्हणत, आणि लोकांच्या तोंडी अजून तोच शब्द आहे. या पदासाठी अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र, कृषी, पशुवैद्यक अशा विषयांची पदवी किंवा रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी चालते. महापालिकेचं आरोग्य खातं आणि त्याचे स्वच्छता निरीक्षक हे वेगळे. सांडपाणी, कचरा, डास, जागेचा परवाना या गोष्टी त्यांच्याकडे असतात. तरणतलावासाठी अन्नासारखा एकच केंद्रीय कायदा नाही. पाण्याच्या गुणवत्तेसाठी आयएस ३३२८ हे भारतीय मानक आहे, आणि ते पाळलं जातंय की नाही हे पाहणं बहुतेक ठिकाणी स्थानिक संस्थेवर येतं. सार्वजनिक तलावांच्या बाबतीत ही मोठी उणीव आहे. हॉटेलात निदान कोणी न सांगता येऊ शकतं ही धाकधूक असते, सोसायटीच्या तलावाला तीही नसते.

दारातून आत

सुरुवात काउंटरजवळच्या परवान्यापासून होते. क्रमांक चौदा आकडी असतो. पहिला आकडा १ म्हणजे परवाना, २ म्हणजे छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावरही छापावा लागतो. भिंतीवरच्या परवान्यावर एक पत्ता आणि किचन दुसऱ्याच गल्लीत, असं घडतं, विशेषतः घरपोच डिलिव्हरीच्या व्यवसायात. म्हणून परवान्यावरचा पत्ता आणि पायाखालची जागा आधी जुळवून पाहायची.

मग हात धुण्याचं बेसिन. इथे बोलण्यापेक्षा नुसतं पाहायचं. नळाला पाणी आहे का? साबण आहे का? असल्यास तो ओला आहे का? गर्दीच्या वेळी बेसिन कोरडं ठणठणीत असेल, साबणावर धूळ असेल किंवा बेसिनमध्ये मिरच्यांचं पातेलं ठेवलेलं असेल, तर सकाळपासून कोणी हात धुतलेले नाहीत. आचाऱ्याला विचारलंत तर उत्तर 'धुतो की साहेब' हेच येणार.

यानंतर तपासणीचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार बाहेर येतं: टोकदार दांड्याचा थर्मामीटर. तो खरं बोलतोय का, हे आधी पाहावं लागतं. ग्लासभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून दांडा मधोमध धरला की ० अंश दिसायला हवं. उकळत्या पाण्यात १०० दिसेल, पण समुद्रसपाटीला. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ लाच. हे ठाऊक नसलं तर चांगला थर्मामीटर बिघडलेला ठरतो. एका पदार्थातून दुसऱ्यात घालण्याआधी दांडा स्पिरिटने पुसायचा, नाहीतर तपासणीतूनच जंतू इकडचे तिकडे जातील.

रात्रीचा टोप आणि सकाळचा थर्मामीटर

अन्नातून होणाऱ्या विषबाधेचा मोठा भाग एका साध्या गोष्टीत आहे: ५ ते ६० अंशांच्या मधला वेळ. या पट्ट्यात जंतू वाढतात. अनुकूल तापमानाला वीस मिनिटांत दुप्पट होणारा जंतू धरला, तर एकाचे चार तासांत ४,०९६ होतात आणि सहा तासांत २ लाख ६२ हजार. पहिल्या तासात काहीच बिघडत नाही, सहाव्यात सगळं बिघडतं, आणि दोन्ही वेळी पदार्थाचा वास आणि चव तीच असते. 'वास घेऊन पाहिला, चांगला होता' या सांगण्याला म्हणूनच अर्थ नाही.

'पण आम्ही खळखळून उकळतो' असं मालक म्हणतात. उकळण्याने जिवंत जंतू मरतात. क्लॉस्ट्रिडिअम परफ्रिंजन्स आणि बॅसिलस सिरिअस या दोन जंतूंची बीजं मात्र मरत नाहीत. ग्रेव्ही निवू लागली की ती जागी होतात. परफ्रिंजन्स तर ४३-४५ अंशांच्या आसपास दहा मिनिटांत दुप्पट होतो. मटणाचा रस्सा, दालफ्राय, बेस ग्रेव्ही असे मोठ्या टोपात शिजणारे पदार्थ त्याला फार मानवतात.

रात्री साडेअकराला वीस लिटर ग्रेव्हीचा टोप गॅसवरून उतरवून झाकण ठेवून ओट्यावर राहिला, तर वरचा थर लवकर निवतो, मधला भाग पहाटेपर्यंत कोमट असतो. सकाळी तोच टोप फ्रीजमध्ये ढकलतात. अकराला निरीक्षक येतो, फ्रीजचा काटा ४ अंश दाखवतो, टोप बाहेरून गार लागतो. थर्मामीटरचा दांडा ग्रेव्हीच्या मध्यात बुडवला की २२ अंश. एवढ्या एका आकड्यात आदली रात्र कळते.

नियम असा आहे: शिजवलेलं अन्न ठेवून द्यायचं असेल तर पहिल्या दोन तासांत ६० वरून २१ अंशांवर आलं पाहिजे आणि पुढच्या दोन तासांत ५ वर. वीस लिटरच्या टोपात हे शक्यच नाही. घट्ट पदार्थातून उष्णता बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. जाडी निम्मी केली की वेळ चौथाई होतो. म्हणून ग्रेव्ही पसरट ट्रेमध्ये दोन इंचांपेक्षा जास्त भरायची नाही. पातळ रस्सा असेल तर टोप बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहायचं. गरम टोप थेट फ्रीजमध्ये ठेवला तर तो स्वतः निवत नाहीच, शेजारचं दूध आणि पनीरही तापवतो.

शिजवलेल्या भाताचा धोका लोकांना सगळ्यात कमी पटतो. फ्राइड राइससाठी सकाळी भात शिजवून टोपलीत पसरून ठेवतात आणि रात्री अकरापर्यंत त्यातलाच वापरतात. बॅसिलस सिरिअस त्यात वाढताना उलट्या करवणारं विष तयार करतो, आणि ते विष कढईच्या आचेनेही नष्ट होत नाही. स्टॅफिलोकॉकसचंही तसंच. तो हातावरच्या जखमेतून, नाकातून अन्नात येतो, आणि कुस्करलेला बटाटा, क्रीम, खव्याची मिठाई यांत वाढतो. बोटाला चिंधी बांधलेला कामगार वड्याचं सारण मळत असेल, तर तिथेच काम थांबवायला सांगायचं. नोटीस नंतर.

मोठ्या केटरिंगच्या तपासणीत पाहायचे आकडे असे: गरम वाढायचं शाकाहारी अन्न ६५ अंशांवर, मांसाहारी ७० वर. फ्रीज ५ किंवा खाली, डीप फ्रीजर उणे १८. पुन्हा गरम करताना पदार्थाच्या मध्यात ७५ अंश किमान दोन मिनिटं. चिकन-मटण शिजताना मध्यात ७५ अंश पंधरा सेकंद, किंवा ७० अंश दोन मिनिटं. बुफेतल्या बेन-मेरीत (गरम पाण्यावर अन्न ठेवायच्या पेटीत) अनेकदा पाणीच नसतं, खालचं हीटर बंद असतं. वरून वाफ दिसते, ती नुकत्या ओतलेल्या आमटीची असते.

व्हेज-नॉनव्हेज सांभाळलं, पण कच्चं-शिजलेलं?

आपल्याकडे बहुतेक मालक शाकाहारी आणि मांसाहारी भांडी निष्ठेने वेगळी ठेवतात. ग्राहकाच्या श्रद्धेसाठी ते योग्यच आहे. आजार मात्र वेगळ्या वाटेने येतो: कच्च्यातून तयार पदार्थात. ज्या पाटावर कच्चं चिकन कापलं त्याच पाटावर सॅलडचा कांदा आणि वरून भुरभुरायची कोथिंबीर कापली, की चिकन नंतर कितीही नीट शिजवलं तरी काही उपयोग नाही. फ्रीजमध्ये कच्चं मांस सगळ्यात खाली हवं, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही. तयार चटण्या, दही, कापलेली फळं वर. आणि फडका! एकाच फडक्याने ओटा, सुरी, ताटाची कड आणि हात पुसले जातात. तो पिळून पाहिला की किचनबद्दल बरंच कळतं.

कच्च्या खायच्या भाज्या ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरिनच्या पाण्यात बुडवून मग धुवायच्या असतात. ५ टक्के सोडिअम हायपोक्लोराइटचे १० मिलिलिटर, १० लिटर पाण्यात: झाले ५० पीपीएम. कपड्यांसाठीचं सुगंधी ब्लीच यासाठी वापरायचं नाही.

बर्फाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. गोठवल्याने बहुतेक जंतू नुसते थांबतात, वितळल्यावर पुन्हा तयार. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा रंगवणं बंधनकारक केलं गेलं. उसाच्या रसाच्या गाडीवर निळसर लादी दिसली तर ती मासे आणि माल गार ठेवण्यासाठी बनलेली आहे. पांढरा बर्फ असला तरी तो कुठल्या कारखान्यातून आला त्याची पावती मागायची.

तळणीचं तेल मागच्या काही दिवसांचा हिशेब सांगतं. वारंवार तापवलेल्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल बिघडून तयार होणारी संयुगं, वाढतात. १ जुलै २०१८ पासून मर्यादा २५ टक्के आहे. मीटरचा दांडा गरम तेलात बुडवला की अर्ध्या मिनिटात आकडा येतो. नुसत्या रंगावर जाऊ नये. मसाला, बेसन जळूनही तेल काळं पडतं, आणि गाळून पुन्हा वापरलेलं तेल कधी फिकट दिसूनही मर्यादेबाहेर असतं. दिवसाला ५० लिटरांहून जास्त तेल तळणीला लागणाऱ्यांनी वापरलेलं तेल कोणाला दिलं याची नोंद ठेवायची असते. ती वही कोरी असेल तर ते तेल कुठे जातं, हा प्रश्न उरतो. गाडीवाल्याला स्वस्तात विकलं जाण्याची शक्यता असते, म्हणून हा प्रश्न सोडायचा नाही.

कृत्रिम रंगाचंही पाहावं लागतं. भडक लाल मंच्युरिअन आणि तंदुरीचा गर्द केशरी रंग हा मिरचीचा नसतो. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंच्युरिअनच्या स्टॉलवर बंदी घातली, तर कर्नाटकाने त्याच वर्षी गोबी मंच्युरिअन आणि कबाबमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर. झुरळं, उंदीर यांच्यासाठी टॉर्च घेऊन फ्रीजच्या मागे उबदार मोटरपाशी, दाराच्या रबराच्या घडीत आणि फॉल्स सीलिंगच्या वर पाहायचं. कागदपत्रांत कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, पाण्याचा अहवाल, कीटकनियंत्रणाची पावती आणि दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक.

नमुना, सील आणि नोटीस

तपासणीच्या यादीत काही मुद्दे तारांकित असतात. त्यांपैकी एकही चुकला तर बाकी गुण कितीही असोत, हॉटेल नापास. बहुतेक प्रकरणांत पुढचं पाऊल २००६ च्या कायद्यातल्या कलम ३२ ची सुधारणा नोटीस. तीत काय चुकलं, काय करायचं आणि किती दिवसांत हे लिहावं लागतं, आणि मुदत १४ दिवसांपेक्षा कमी देता येत नाही. ती पाळली नाही तर परवाना निलंबित आणि मग रद्द. लोकांच्या आरोग्याला तातडीचा धोका असेल तर कलम ३४ खाली लगेच बंदी घालता येते. अस्वच्छ परिस्थितीत अन्न बनवल्याबद्दल कलम ५६ मध्ये एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

भेसळीचा किंवा दर्जाचा संशय असेल तर नमुना घेतात. तो फुकट घेता येत नाही, बाजारभावाने पैसे मोजून घ्यावा लागतो. मालकाला लेखी सूचना देऊन, साक्षीदारासमोर, नमुन्याचे चार भाग करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे), आणि चौथा मालकाने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मान्य नसेल तर मालकाला ३० दिवसांत अपील करता येतं.

खटले टिकतात किंवा पडतात ते सीलवर. बाटली बंद करून जाड कागदात गुंडाळायची. पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या सहीची, क्रमांकाची चिठ्ठी बुडापासून तोंडापर्यंत चिकटवायची. विक्रेत्याची सही अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी वेष्टनावर येईल अशी घ्यायची, म्हणजे चिठ्ठी बदलली तर सही जुळणार नाही. मग आडवा-उभा दोरा आणि लाखेची किमान चार सीलं: एक वर, एक खाली, दोन अंगावर, दोऱ्याच्या गाठी लाखेखाली झाकलेल्या. दुधाच्या नमुन्यात तो नासू नये म्हणून फॉर्मलिन घालतात, दर २५ मिलिलिटरला दोन थेंब, म्हणजे अर्ध्या लिटरला चाळीस. मात्र तेच दूध जंतूंसाठी तपासायचं असेल तर फॉर्मलिनने जंतूच मरतील. तिथे निर्जंतुक बाटली आणि बर्फाची पेटी लागते. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले की नमुना वाया.

तरणतलाव: पाणी निळं दिसतं म्हणजे काय?

काहीच नाही. निळा रंग टाइल्सचा असतो. पहिली परीक्षा साधी आहे: काठावर उभं राहून सगळ्यात खोल जागचं मेन ड्रेनचं, म्हणजे तळातून पाणी ओढणाऱ्या तोंडाचं, झाकण स्पष्ट दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर बाकी काही मोजण्याआधी तलाव बंद. तळाशी गेलेलं मूल जीवरक्षकाला दिसणार नाही, हे एवढंच कारण त्याला पुरेसं आहे.

मग क्लोरिन. सार्वजनिक तलावात मोकळा (घाणीशी बांधला न गेलेला) क्लोरिन १ ते ३ पीपीएम आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कलीपणाचं माप, ७.२ ते ७.८ हवा. हे दोन आकडे एकत्रच वाचावे लागतात. पाण्यातला मोकळा क्लोरिन दोन रूपांत असतो आणि जंतू मारण्याचं काम जवळजवळ सगळं त्यांपैकी एक, हायपोक्लोरस आम्ल, करतं. पीएच ७.२ ला मोकळ्या क्लोरिनपैकी सुमारे ६६ टक्के या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, ८ ला जेमतेम पाव, आणि ८.५ ला दहा टक्क्यांहूनही कमी. म्हणजे २ पीपीएम आणि पीएच ८.५ असलेला तलाव हा १ पीपीएम आणि ७.२ वाल्यापेक्षा फार दुबळा.

आपल्याकडे ही अडचण हमखास येते, कारण टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती चुनायुक्त असते, रोज टाकली की पीएच चढत जातो, क्लोरिनचं बळ घटतं, म्हणून आणखी पावडर टाकतात आणि पीएच आणखी चढतो. यातून बाहेर यायचं तर आधी पीएच खाली आणायचा. शिवाय टीसीएल जुनी होत जाते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो, दमट खोलीत उघड्या गोणीत तो २० वर यायला वेळ लागत नाही. २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल तलावात साडेचार लाख लिटर पाणी असतं. १ पीपीएम वाढवायला ४५० ग्रॅम क्लोरिन, म्हणजे ताजी टीसीएल १.४ किलो, जुनी सव्वादोन किलो. पावडर थेट पाण्यात उधळायची नाही. बादलीत कालवून, निवळू देऊन वरचं पाणी घालायचं.

यावरून नोंदवही तपासता येते. उन्हाळ्यात, सुट्टीच्या गर्दीत, अशा उघड्या तलावाला रोज २-३ पीपीएम क्लोरिन सहज लागतो. म्हणजे महिन्याला १०० किलोच्या आसपास पावडर, २५ किलोच्या चार गोण्या. बिलं एकाच गोणीची असतील आणि वहीत रोज '२.०' लिहिलेलं असेल, तर ती वही घरी बसून भरलेली आहे. खऱ्या नोंदी वर-खाली होतात. रविवारी संध्याकाळी क्लोरिन घसरतो, सोमवारी सकाळी चढतो.

मोजण्याच्या पद्धतीतही एक सापळा आहे. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक जी ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग येणारी, ती नळाच्या पाण्याला ठीक आहे. तलावात ती फसवते, कारण ती मोकळा आणि घाम-लघवीशी बांधला गेलेला, असा सगळाच क्लोरिन मिळून दाखवते. बांधलेला क्लोरिन जंतू मारायला जवळपास निरुपयोगी. तलावासाठी डीपीडी टेस्ट हवी. १ क्रमांकाच्या गोळीने येणारा गुलाबी रंग मोकळ्या क्लोरिनचा, ३ क्रमांकाची गोळी टाकल्यावर एकूण. दोन्हींतला फरक म्हणजे बांधलेला क्लोरिन, आणि तो ०.४ पीपीएमच्या वर जाता कामा नये. तलावापाशी नाकाला झोंबणारा 'क्लोरिनचा' वास आणि डोळ्यांची चुरचुर ही या बांधलेल्या क्लोरिनची खूण आहे. लोक म्हणतात क्लोरिन जास्त झाला. बहुतेक वेळा मोकळा क्लोरिन कमी पडलेला असतो आणि माणसं अंघोळ न करता उतरलेली असतात. उलटा सापळाही आहे: क्लोरिन १० पीपीएमच्या वर गेला तर तो डीपीडीचा रंगच उडवतो. पाणी रंगहीन दिसतं, ऑपरेटर शून्य समजून आणखी टाकतो. शंका आली तर नमुना क्लोरिन नसलेल्या पाण्याने पाचपट पातळ करून पुन्हा मोजायचा.

महागड्या तलावांत टीसीएलऐवजी ९० टक्क्यांच्या ट्रायक्लोर गोळ्या वापरतात. त्यांतून दर १ पीपीएम क्लोरिनमागे सुमारे ०.६ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात जातं. ते उन्हापासून क्लोरिनला जपतं, पण साठत राहिलं की क्लोरिनला बांधून टाकतं. रोज २ पीपीएमच्या हिशेबाने अडीच महिन्यांत ते ९० पर्यंत पोचतं, १०० ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. फिल्टर ते काढत नाही. थोडं पाणी उपसून नवं भरणं एवढाच उपाय. छताखालच्या तलावात तर त्याची गरजच नाही.

क्लोरिन १ पीपीएम, पीएच ७.५ असेल तर घातक ई. कोलाय मिनिटाच्या आत मरतो, कावीळ अ चा विषाणू साधारण १६ मिनिटांत, जिआर्डिआ ४५ मिनिटांत. जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडिअम हा परजीवी मात्र दहा दिवसांहून जास्त तग धरतो. जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात न सोडणं हाच त्यावरचा खरा उपाय. पाण्यात पातळ शौच झालीच तर सगळ्यांना बाहेर काढून, पीएच ७.५ च्या खाली ठेवून, २० पीपीएम क्लोरिन पावणेतेरा तास राखायचा असतो. सायन्युरिक आम्ल असलेल्या पाण्यात तेवढ्यानेही भागत नाही. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूज्वर करणाऱ्या अमीबाचे रुग्ण आढळले. तो कोमट, क्लोरिन नसलेल्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो, म्हणून उन्हाळ्यात शेततळी आणि बंद पडलेले तलाव यांचा विचार वेगळा करावा लागतो.

फिल्टर प्लँटमध्ये एकच हिशेब: तलावाचं सगळं पाणी चार ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे. आधी हिशेब केलेल्या साडेचार लाख लिटरच्या तलावाला सहा तासांच्या हिशेबाने ताशी ७५ हजार लिटर. एका फेरीत सगळं पाणी साफ होत नाही, कारण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. एका फेरीत जेमतेम ६३ टक्के पाणी गाळलं जातं. म्हणून वीज वाचवायला रात्री पंप बंद ठेवणाऱ्यांचं पाणी सकाळी गढूळ असतं. प्रेशर गेज चढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं. गेजच तुटलेला असेल तर बॅकवॉश अंदाजाने चाललेला आहे.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी रसायनांपेक्षा साध्या असतात. मेन ड्रेनच्या झाकणाचा स्क्रू निघालेला असेल तर पंपाची ओढ केस किंवा लहान मुलाचं अंग धरून ठेवू शकते. म्हणून किमान दोन ड्रेन, एकमेकांपासून तीन फूट तरी लांब, आणि दोन्ही झाकणं घट्ट हवीत. पाण्यातल्या दिव्यांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवा, आणि त्याचं टेस्ट बटण दाबून पाहायचं. क्लोरिन आणि आम्ल एका खोलीत नको, ट्रायक्लोर आणि कॅल्शिअम हायपोक्लोराइटचे डबे शेजारी नकोत, मोजमापाचं भांडं एक नको. पहिल्या जोडीतून विषारी वायू निघतो, दुसरी पेट घेते.

जंतूंसाठी पाणी घेताना प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत तळाला सोडिअम थायोसल्फेटची पूड असते. ती बाटली विसळायची नाही. सवयीने विसळली की थायोसल्फेट जातं, क्लोरिन बाटलीतही जंतू मारत राहतो आणि घाणेरड्या तलावाचा अहवाल निर्मळ येतो. बाटली तोंड खाली करून हातभर बुडवायची, पाण्यात उलटवून भरायची, बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी पोचवायची. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आणि स्यूडोमोनास, दोन्ही आढळता कामा नयेत.

तक्रार करायची असेल तर

विषबाधा झालेला माणूस जवळपास नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो, आणि अनेकदा ते चूक असतं. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत जोरदार उलट्या झाल्या तर संशय स्टॅफिलोकॉकस किंवा भातातल्या बॅसिलस सिरिअसवर. सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा आणि जुलाब, ताप नाही, तर परफ्रिंजन्स, म्हणजे मोठ्या टोपातला रस्सा. बारा तासांपासून दोन-तीन दिवसांनी ताप आणि जुलाब असतील तर साल्मोनेला. त्यामुळे तक्रारीत मागच्या तीन दिवसांत काय खाल्लं, किती वाजता, बरोबर कोण होतं आणि त्यातलं कोण आजारी नाही, हे सगळं लिहावं. आजारी नसलेल्यांनी काय खाल्लं नव्हतं, त्यावरून बहुतेकदा पदार्थ सापडतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा फूड सेफ्टी कनेक्ट या सरकारी ॲपवर, बिलाच्या फोटोसह करता येते. डॉक्टरांना विषबाधेचा संशय स्पष्ट सांगावा आणि प्रतिजैविक सुरू होण्याआधी शौचाचा नमुना घ्यायला लावावा.

उरलेलं अन्न फेकू नका. स्वच्छ डब्यात घालून, तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र नको, कारण गोठल्यावर परफ्रिंजन्सच्या बहुतेक पेशी मरतात आणि प्रयोगशाळेच्या हाती काही लागत नाही.